विनाकारण फेऱ्या

अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारं आमच्या ऑफिसात कुणी नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात अभिमान बाळगण्यासारखं एवढंच आहे. सव्वीस वर्षं मी दाखल्यांच्या विभागात आहे. जन्माचा, मृत्यूचा, रहिवासाचा, कुठलाही दाखला हवा असलेला माणूस आधी आपल्या मनाने अर्ज लिहितो, तो परत येतो, आणि मग तो माणूस माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहतो. ‘सबब’ कुठे टाकावं आणि ‘तरी’ कुठे, हे शिकवून येत नाही. “बाईंनी लिहिलेल्या कागदात शिरायला मुंगीलाही वाट नसते,” असं आमचे साहेब म्हणतात. ते कौतुकाने म्हणतात, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

तर पन्नाशी ओलांडली आणि माझ्या अंगात कुणीतरी भट्टी बसवली. कुणी बसवली, कुणाच्या परवानगीने, काही पत्ता नाही. बरं, पेटण्याचं वेळापत्रक असावं, तर तेही नाही. टेबलाशी बसल्या बसल्या कानशिलं तापायची, गळ्यापासून वर सगळं लाल व्हायचं, आणि समोरच्या माणसाला वाटायचं की बाई आपल्यावरच भडकल्या. काहीजण तर अर्ज न देताच मागच्या मागे सटकले, त्यामुळे त्या महिन्यात आमच्या विभागातली प्रलंबित प्रकरणं कमी दिसली आणि साहेबांना वरून शाबासकी मिळाली. घरी पंख्यावरून भांडणं होऊ लागली. झोपेचं खोबरं झालं होतं. एकदा बरणीचं झाकण उघडेना म्हणून मला रडू आलं. आमच्या ह्यांनी ते मुकाट्याने उघडून दिलं, तर मला आणखी रडू आलं. हे बिचारे झाकण परत घट्ट लावून बाहेर जाऊन बसले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पाळी जाण्याचं वय आहे, आजार नाही, असं सांगितलं. पण हाडांकडे लक्ष द्या म्हणाल्या. या वयानंतर ती झिजायला लागतात आणि झिजताना आवाज करत नाहीत. रोज चाळीस मिनिटं भरभर चालायचं, थोडं वजन उचलायचं, झोपेची वेळ पाळायची. चिडचिडीसाठी काय, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, तीही चालण्याने कमी होईल, आणि नाही झाली तर निदान तेवढा वेळ तुम्ही घराबाहेर असाल.

हाडं म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे सासूबाई आल्या. त्या आता शहात्तर वर्षांच्या आहेत. आठ वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरायचं निमित्त झालं आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्यांचं जग म्हणजे वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पलंगापर्यंत. त्यांचं मी सगळं केलं, त्यात कसूर केली नाही, हे त्याही सांगतील. पण त्यांचा तो वॉकर पाहिला की मी नकळत स्वतःचा खुबा चाचपून बघायचे. मला तसं व्हायचं नव्हतं. एवढी साधी आणि पुरती स्वार्थी भीती होती ती.

म्हणून मी चालायचं ठरवलं. चालायला काय लागतं? दोन पाय आणि रस्ता. पाय होते. रस्त्यावर निघाले, तर चौथ्याच दिवशी लक्षात आलं की या भागातल्या निम्म्या लोकांचं काही ना काही प्रकरण आमच्या विभागात अडकलेलं आहे. “बाई, बरं झालं भेटलात,” असं म्हणून एकेक जण बरोबर चालायला लागायचा. भरभर चालता चालता वारसाचा दाखला समजावून सांगणं सोपं नाही. आठवड्याअखेरीस एक गृहस्थ कागद, पेन आणि लिहायला खाली धरायची पाटी घेऊन कोपऱ्यावर उभेच होते. त्या दिवशी मी एकूण सत्तर पावलं चालले आणि दोन अर्ज दुरुस्त केले.

मग घरातल्या घरात सुरू केलं. हॉलच्या दारापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत चौदा पावलं. तिसऱ्या दिवशी आमच्या खालच्या, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. आत डोकावून, काहीतरी कुटायचं काम काढलंय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, मी चालतेय. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि “अच्छा, चालताय,” एवढंच म्हणाल्या. त्या ‘अच्छा’मध्ये माझं सगळं वजन किलोग्रॅमसकट आलं. त्यांचे मिस्टर रात्रपाळी करून सकाळी झोपतात, तेव्हा जरा बघा, असं सांगून त्या गेल्या.

मी फणफणत सासूबाईंच्या खोलीत गेले. माणसाने स्वतःच्या घरात चालूही नये का, पायांना काय कापूस बांधायचा, वगैरे बरंच बोलले. त्या खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर बघत म्हणाल्या, “त्यांनाही झोप लागत असेल कुठं.” मला वाटलं, बघा, घरच्या सुनेला सोडून बाहेरच्यांची बाजू. मी दार जरा जोरातच ओढून घेतलं.

तळमजल्यावर एक निवृत्त पीटीच्या बाई राहतात. शाळा सुटून दहा वर्षं झाली तरी त्यांच्या गळ्यातली शिट्टी सुटलेली नाही. माझी कहाणी इमारतभर झालीच होती, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या पोटात गोष्ट राहत नाही. तेव्हापासून मला जिन्यात सल्ले मिळू लागले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तळपाय गार पाण्यात बुडवायला सांगितलं, दुसऱ्या मजल्यावरून कुठल्याशा बियांची पुडी आली, आणि ती आणून देणाऱ्या गृहस्थांनी मनाचा निग्रह हेच खरं औषध, असं वर सांगितलं. त्यांना स्वतःला सर्दी झाली की ते तीन दिवस पलंग सोडत नाहीत. पीटीच्या बाईंनी मात्र सल्ला दिला नाही, सरळ हुकूम दिला. उद्या सहाला पार्किंगमध्ये, बुटांसकट.

आम्ही सहाजणी जमलो. बाईंनी शिट्टी फुंकली, खिडक्या धडाधड उघडल्या. दुसऱ्या शिट्टीला गुडघे वर घ्यायचे होते. माझा डावा गुडघा वर गेला, कंबर तिथेच राहिली, आणि मधे कुठेतरी ‘कट्’ झालं. पुढचे चार दिवस मी ऑफिसात काटकोनात वावरत होते. आलेल्या माणसांना वाटायचं की बाई हल्ली फारच नम्र झाल्या आहेत. पाचव्या दिवशी पीटीच्या बाई चौकशीला आल्या आणि दारातच बसून म्हणाल्या की चूक माझी नाही आणि त्यांचीही नाही, चूक जागेची आहे. पार्किंगचा उतार कमरेला मारक. इथे हवी होती गच्ची. सपाट, मोकळी, कुणी अर्ज घेऊन येणार नाही, खाली कुणाची झोप मोडली तर ती आपल्याच घरची.

आमच्या इमारतीला गच्ची आहे, आणि ती माझ्या डोक्यावरच आहे, हे मी जवळजवळ विसरून गेले होते. बावीस वर्षं तिला कुलूप होतं. ते का लागलं, याच्या जितके मजले तितक्या कथा होत्या. कुणी म्हणे पोरं वरून दगड टाकायची, कुणी म्हणे कुणाचं तरी प्रेमप्रकरण होतं. पाण्याच्या टाकीचं झाकण चोरीला गेलं म्हणून कुलूप लावलं, ही कथा मी स्वतः कितीतरी जणांना सांगितली होती आणि पीटीच्या बाईंनाही तीच सांगितली.

सेक्रेटरी म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. हा माणूस चहाचा कपही डोळ्यांसमोर धरून पातळी बघतो. त्यांनी माझं ऐकलं आणि कपाटातून एक टाइप केलेला कागद काढला. गच्ची बंद करण्याच्या ठरावाची नियमावली होती ती, सात कलमांची. मूळ कागद जुन्या दप्तरात आहेत, पण ही त्यांची शब्दशः नक्कल, म्हणाले.

मी वाचू लागले आणि रागावण्याऐवजी खुर्चीत सावरून बसले. काय कागद होता! गच्ची उघडण्यासाठी अर्ज करणाऱ्याने कारण स्पष्ट नमूद करावे. ‘वैयक्तिक’, ‘घरगुती’ वा ‘प्रकृती’ असे मोघम कारण ग्राह्य धरले जाणार नाही. कारणाचा पुरावा जोडावा. अर्ज पुराव्यासह पंधरा दिवस सूचनाफलकावर लावावा. आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावे. आणि शेवटी सातवं कलम: बंद करतेवेळी ज्या ज्या सदस्याने संमती दिली, त्या प्रत्येकाची उघडण्यासही लेखी संमती हवी, अपवाद नाही. जिथे म्हणून माणूस निसटेल, तिथे तिथे आधीच खिळा ठोकून ठेवलेला. मी सेक्रेटरींना म्हटलं, ज्या कुणी हे लिहिलं तो गाढव असेल, पण कामाचा आहे, आमच्या विभागात हवा होता. ते म्हणाले, त्यांच्या आधीच्या सेक्रेटरींच्या काळातलं आहे, त्यांना कल्पना नाही.

मी अर्ज केला. ‘प्रकृती’ चालत नव्हतं म्हणून ‘वयोपरत्वे होणारे बदल’ लिहिलं. सेक्रेटरींनी तो परत केला. वय सगळ्यांचंच होतं, बदल कोणता? मी डॉक्टरीणबाईंचा दाखला आणला. त्यांनी त्यात रजोनिवृत्ती हा शब्द ठळक अक्षरात लिहिला आणि खाली शिक्का मारला. सव्वीस वर्षं मी दाखले देत आले. स्वतःचा असा दाखला हातात घेताना कसं वाटतं ते तेव्हा कळलं.

आणि तो कागद कलमाप्रमाणे सूचनाफलकावर लागला. पाणी येण्याच्या वेळा आणि सापडलेली एक छत्री, यांच्या मधोमध माझी रजोनिवृत्ती. पंधरा दिवस. पोस्टमन तो वाचायला थांबायचा. दूधवाला एक दिवस माझ्याकडे न बघता पिशवी देत म्हणाला, “आमच्या आईला पण झालं होतं. होतं बरं नंतर.” मी ‘थँक्यू’ म्हणून दार लावलं आणि दहा मिनिटं दाराला टेकून उभी राहिले. ह्यांनी आपण होऊन जिन्याऐवजी लिफ्ट वापरायला सुरुवात केली, कारण फलक जिन्याच्या तोंडाशी आहे.

हरकत एकच आली. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या निग्रहवाल्या गृहस्थांनी अर्जाच्या खालीच पेन्सिलने लिहिलं होतं: ‘आमच्याही घरात हाच त्रास आहे. आमच्या सौ.ने गच्ची मागितली नाही.’ तिसऱ्या दिवशी त्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात एक ओळ आली: ‘मागणार होते.’ सेक्रेटरींनी बराच विचार करून ही हरकत परस्पर निकालात निघाल्याचा शेरा मारला.

राहिल्या संमतीच्या सह्या. आठ घरं, आठ सह्या. परगावी राहायला गेलेल्या एकांची सही टपालाने मागवली, त्यांनी ती पाकिटावरच करून पाठवली, म्हणून पुन्हा मागवली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी सही करताना माझ्याकडे जरा चमत्कारिक पाहिलं. “आता उघडायची होय? बरं,” म्हणाल्या. काकूंची बोलण्याची पद्धतच तशी आहे, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. अशा सात सह्या झाल्या. आठवं घर आमचंच. ह्यांची सही घेऊन मी विजयी मुद्रेने सेक्रेटरींकडे गेले.

त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला, आडवा केला, आणि मान हलवली. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे. सासऱ्यांनी तो त्यांच्या नावे घेतला होता. तेव्हा सभासद त्या, आणि बंद करतेवेळची सहीही त्यांचीच असणार. खात्रीसाठी त्यांनी आज मूळ दप्तर काढून ठेवलं होतं. लाल नाडी सोडून त्यांनी पानं माझ्यापुढे सरकवली. सह्यांची यादी वर होती, आणि तिच्यात आठव्या ओळीत सासूबाईंची सही होती, शाळेतल्या मुलीसारखी गोल, सुटी. त्याखाली मूळ अर्ज होता, सातही कलमांसकट हाताने लिहिलेला.

‘सबब’ खाली दोन रेघा होत्या. ‘अपवाद नाही’ खाली दोन रेघा होत्या. सव्वीस वर्षं त्या रेघा मी रोज मारते आहे. तळाशी माझी सही होती.

विसरले होते, असं म्हणणं सोपं आहे, आणि त्या क्षणी मी सेक्रेटरींना तसंच म्हटलं. पण माणूस जे सांगत राहतो तेच त्याला आठवत राहतं, आणि मी टाकीच्या झाकणाची गोष्ट सांगत राहिले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार! तो कागद वाचता वाचता मला सगळं दिसायला लागलं. आमची मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती आणि पहाटे कुठे डोळा लागायचा तिचा. त्याच वेळी डोक्यावर सुरू व्हायचं, टप्, टप्, टप्, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सासूबाई तेव्हा चोपन्न वर्षांच्या होत्या. त्यांचा चेहरा मधूनच लाल व्हायचा, ऐन गारठ्यात त्या खिडक्या उघडायच्या, पंख्यावरून भांडायच्या, एकदा माझ्या हातून कप फुटला तर रडल्या होत्या. मी माझ्या बहिणीला फोनवर सांगितलं होतं की सासूबाईंचं डोकं फिरलंय, पहाटे गच्चीवर जाऊन चकरा मारतात. आम्ही दोघी हसलो होतो.

आणि अर्जात मी लिहिलं होतं: ‘काही ज्येष्ठ सदस्य पहाटेच्या वेळी गच्चीवर विनाकारण फेऱ्या मारतात, त्यामुळे लहान मुलांच्या झोपेस बाधा येते.’

विनाकारण. कारण स्पष्ट नमूद करावे, त्याचा पुरावा जोडावा, तो चारचौघांत फलकावर लावावा, ही सगळी कलमं त्या एका शब्दाच्या राखणीला बसवली होती मी. त्यांना कारण सांगावं लागलं तर त्या लाजेने मरतील आणि मागणार नाहीत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांना कारण आहे हे मात्र खरंच ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. वर्तमानपत्र खाली घेऊन ते म्हणाले, “मला वाटलं तुला आठवतंय.” मग पुन्हा वर्तमानपत्र वर गेलं. त्यांच्यावर रागावायचं होतं, पण कुठल्या तोंडाने रागावणार?

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. मी संमतीचा कागद आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. चष्मा चढवून त्यांनी सगळा कागद सावकाश वाचला, मग विचारलं, “कुठं करू?”

मी बोट ठेवलं. त्यांनी सही केली. अक्षरं अजून तशीच गोल, सुटी.

“आई,” मी म्हटलं, “गच्ची बंद करायचा तो अर्ज मी लिहिला होता.”

“हो. तेव्हा अक्षर बरं होतं तुझं.”

“तुम्हाला माहीत होतं, तरी सही केलीत?”

“बाळ झोपत नव्हतं. तूही झोपत नव्हतीस, डोळे आत गेले होते तुझे.” त्यांनी पेनाला टोपण लावलं, दोनदा दाबून पाहिलं. “मला नुसतं सांगितलं असतंस, तर मी चपला काढून चालले असते.”

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. रागाने म्हणाल्या असत्या तर मला उत्तर सुचलं असतं. उत्तरं देण्यात मी कधी कमी पडले नाही. बावीस वर्षांत हे त्यांनी एकदाही काढलं नव्हतं, भांडणात नाही आणि माझ्या हाताने अंथरुणात जेवत होत्या तेव्हाही नाही. मी त्यांच्या पलंगावर बसून रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि मग पंखा मोठा करायला सांगितला, म्हणाल्या, तुला उकडत असेल.

त्यांचा खुबा न चालण्याने मोडला का, हे मी डॉक्टरीणबाईंना नंतर विचारलं. असं कुणी सांगू शकत नाही, म्हणाल्या, चालणाऱ्यांचीही हाडं मोडतात. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरं सांगितलं, ते मी विचारलं नाही. कुलूप लागल्यावर सासूबाई काही दिवस जिन्याच्या बाहेरच्या बोळात चालायच्या. एके दिवशी त्या तिथेही दिसेनाशा झाल्या. तेव्हा मला वाटलं होतं, चला, आता बरं वाटत असेल त्यांना.

गच्ची उघडायचा दिवस आला. दप्तरात सीलबंद पाकिटात ठेवलेली किल्ली कुलपात फिरेना. सेक्रेटरींनी तेल घातलं, पीटीच्या बाईंनी शिट्टी बाजूला ठेवून जोर लावला, किल्ली तुटून अर्धी आत राहिली. सेक्रेटरी म्हणाले, कुलूप तोडण्याबद्दल नियमावलीत तरतूद नाही. मी म्हटलं, नियमावली लिहिणारीनेच सांगितलंय म्हणून लिहा शेऱ्यात. मग किल्लीवाल्याला बोलावलं, त्याने एका घावात काम केलं आणि इतकं स्वस्त कुलूप इतकी वर्षं कुणी कसं तोडलं नाही, याचं आश्चर्य करत तो निघून गेला.

मी मनात ठरवून ठेवलं होतं की पहिली फेरी सासूबाईंची. खुर्चीत बसवून दोघा-तिघांनी उचलायचं. सेक्रेटरींनी टेप आणून जिना मोजला. पायऱ्या मापापेक्षा उंच निघाल्या, वळण अरुंद निघालं, खुर्ची कोपऱ्यात अडकणार. हे म्हणाले, मी पाठीवर घेतो. ह्यांची पाठ मला माहीत आहे. आम्ही दारात उभे राहून वाद घालत होतो, तेव्हा आतून सासूबाईंनीच सांगितलं की नको. पंधरा पायऱ्या आहेत, त्या माझ्या चढून झाल्यात. तुम्ही जा. मी आणखी आग्रह केला, तेव्हा त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. काही अर्ज मुदत संपल्यावर घेतले जात नाहीत, हे मी रोज लोकांना सांगते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटीच वर गेले. दाराशी चपला काढल्या आणि अनवाणी चालले. खाली त्यांची खोली होती. जमीन गार होती, खडे टोचत होते, पण एकदाही पाऊल आपटू दिलं नाही. वारा कानशिलांना लागला आणि मला पहिल्यांदा समजलं की चोपन्नाव्या वर्षी त्या पहाटे उठून इथे कशासाठी यायच्या. कारण एवढंच होतं. ते एका ओळीत लिहिता आलं असतं.

चाळीस मिनिटांनी खाली आले, चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्या जाग्या होत्या, उशीला टेकून बसलेल्या.

“आज गेली नाहीस?” त्यांनी विचारलं.

“गेले होते की. आत्ताच आले.”

“आवाज नाही आला.”

“चपला काढल्या होत्या,” मी म्हटलं. “तुमची झोप मोडू नये म्हणून.”

त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि वर छताकडे पाहिलं.

“उद्यापासून घालून चाल,” त्या म्हणाल्या. “इथं पडून मोजायला बरं पडेल मला.”

आता मी जाड तळव्याच्या चपला घालून चालते. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी परवा विचारलं, एवढे पाय का आपटता हो? मी त्यांना कारण सांगितलं नाही. माझ्या बावीस-तेवीस फेऱ्या होतात, आणि खाली आल्यावर सासूबाई मला आकडा सांगतात. तेव्हा त्यांच्या तीस व्हायच्या, म्हणतात.